विश्लेषण : बोरबाकी घराण्याचे नाव पहिल्यांदा छापणारे दामोदर कोसंबी… टोपॉलॉजीतील ‘चेष्टे’ची आणि एकट्या गणितीची कहाणी

निकोला बोरबाकी नावाचा गणिती कधीच अस्तित्वात नव्हता. तरीही या नावाने निघालेल्या ग्रंथांनी विसाव्या शतकातील गणिताची, विशेषतः टोपॉलॉजी या शाखेची, भाषा बदलून टाकली. हे घराणे उभे राहिले फ्रान्समध्ये. मात्र ‘बोरबाकी’ हे नाव गणिताच्या संशोधन लेखात पहिल्यांदा छापून आले ते अलाहाबादच्या एका नियतकालिकात. लेखक होते गोव्यात जन्मलेले, पुण्यात वाढलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. महाराष्ट्र त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांच्या गणिती आयुष्याचा आणि वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला येऊन मिळणाऱ्या कोसंबी कुटुंबाच्या प्रवासाचा हा आढावा.

टोपॉलॉजी म्हणजे नेमके काय?

शाळेतल्या भूमितीत लांबी, कोन आणि क्षेत्रफळ मोजतात. टोपॉलॉजीत या मोजमापांना महत्त्व नसते. वस्तू ताणली, दाबली, वाकवली, पण फाडली किंवा चिकटवली नाही, तर तिच्यातले काय टिकून राहते, हा या शाखेचा प्रश्न. मातीच्या मेदूवड्याचा आकार हळूहळू बदलत त्याचा कानवाला कप करता येतो, कारण दोन्हींत आरपार भोक एकच. पुरीचा मात्र भोक पाडल्याशिवाय तसा कप होणार नाही.

वर्धा जिल्ह्याचा नकाशा रबरी कापडावर छापला आहे असे समजा. कापड ताणले की वर्धा ते हिंगणघाट हे नकाशावरचे अंतर बदलेल. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांचे आकार वेडेवाकडे होतील. पण कोणत्या तालुक्याची हद्द कोणत्या तालुक्याला लागून आहे, हे बदलणार नाही. पुलगावहून धामणगावला जाताना वर्धा नदी ओलांडावी लागते, ती या ताणलेल्या नकाशावरही ओलांडावीच लागेल. अंतर न मोजता शेजार, सलगता आणि हद्द यांचा विचार करणारे गणित म्हणजे टोपॉलॉजी.

या शाखेचा पाया आंरी पॉइन्कारे यांनी १८९५च्या सुमारास घातला. १९१४मध्ये जर्मन गणिती फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी ‘शेजार’ ही कल्पना काटेकोर नियमांत बसवली. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये या विषयाचे एक समर्थ घराणे तयार झाले. फ्रान्समध्ये मात्र या युद्धाने तरुण गणितींची जवळपास एक पिढी गिळली होती. पुढच्या मुलांना शिकवायला उरले ते बहुतेक वयोवृद्ध प्राध्यापक. ही पोकळी बोरबाकीच्या जन्मामागचे खरे कारण ठरली.

कोसंबी गणिताकडे कसे वळले?

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७चा. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा म्हणून त्यांनी गोव्यातले घर सोडले होते. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश अशी पायपीट करत, कोणतीही पदवी न घेता ते विद्वान झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पुन्हा पुन्हा बोलावले.

अशाच एका खेपेला, १९१८मध्ये, धर्मानंद थोरली मुलगी माणिक आणि दामोदर यांना सोबत घेऊन गेले. दामोदर यांचे शालेय शिक्षण हार्वर्डलगतच्या केंब्रिज गावात झाले. मधला काही काळ ते भारतात परतले. वडील तेव्हा गांधीजींनी अहमदाबादेत स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठाशी जोडलेले होते. १९२६मध्ये दामोदर पुन्हा हार्वर्डला गेले आणि १९२९मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले.

तिथले नामवंत गणिती जॉर्ज बर्कहॉफ यांची इच्छा होती की या मुलाने फक्त गणितावर लक्ष द्यावे. दामोदर यांनी मात्र इतिहासापासून युरोपीय भाषांपर्यंत दिसेल तो विषय घेतला. ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली आणि तिची किंमतही त्यांना मोजावी लागली. मंदीच्या सावटात अमेरिकेत पुढील संशोधनाची सोय झाली नाही आणि ते मायदेशी परतले. बनारस हिंदू विद्यापीठात ते गणित आणि जोडीला जर्मन भाषा शिकवू लागले. डॉक्टरेट त्यांनी कधीच केली नाही.

अलिगढमध्ये काय घडले?

१९३०मध्ये अलिगढ मुस्लीम विद्यापीठाचे कुलगुरू सय्यद रॉस मसूद यांनी गणित विभागाची सूत्रे एका २३ वर्षांच्या फ्रेंच तरुणाकडे दिली. त्याचे नाव आंद्रे वेल. पुढे विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितींत गणले गेलेले वेल तेव्हा संस्कृतच्या ओढीने भारतात आले होते. त्यांनी विभागात नव्या दमाची माणसे आणायला सुरुवात केली. टी. विजयराघवन आले आणि १९३१मध्ये बनारसहून कोसंबी आले. त्याच वर्षी कोसंबी यांचा नलिनी मडगांवकर यांच्याशी विवाह झाला.

वेल आणि कोसंबी यांच्या वयात जेमतेम वर्षाचे अंतर. दोघांनाही भाषांचे वेड, दोघांच्याही जिभेला धार. विभागातील एका सहकाऱ्याशी कोसंबी यांचे बिनसले होते. त्याची जिरवावी कशी, यावर वेल यांनी पॅरिसमधल्या आपल्या विद्यार्थिदशेतील एक किस्सा सांगितला.

तो किस्सा असा. १९२३मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत राउल उसाँ नावाच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने खोटी दाढी लावून, परदेशी प्राध्यापकाचा आव आणून नवागतांसमोर व्याख्यान दिले. व्याख्यानातील प्रत्येक प्रमेयाला कुठल्या ना कुठल्या फ्रेंच सेनापतीचे नाव होते. शेवटचे प्रमेय होते ‘बोरबाकीचे’. शार्ल बोरबाकी हे १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातील एक सेनापती. गणिताशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

वेल यांच्या सूचनेवरून कोसंबी यांनी ‘बोरबाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचे व्यापक रूप’ अशा आशयाच्या मथळ्याचा एक छोटा लेख लिहिला. हे मूळ प्रमेय क्रांतीच्या काळात विषबाधेने मरण पावलेल्या एका अपरिचित रशियन गणितीचे आहे, अशी बतावणी त्यात होती. लेख दिसायला पूर्ण गंभीर होता. मेघनाद साहा यांच्या पुढाकाराने अलाहाबादेत नुकत्याच स्थापन झालेल्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाने तो आपल्या १९३१-३२च्या पहिल्याच खंडात तीन पानांत छापला. गणिताच्या संशोधन साहित्यातील बोरबाकी या नावाचा हा पहिला उल्लेख मानला जातो.

अलिगढचा हा प्रयोग फार काळ टिकला नाही. १९३२च्या सुरुवातीलाच वेल यांना पद सोडावे लागले. विजयराघवन ढाक्याला गेले. कोसंबी पुण्याला आले आणि वडिलांनी जिथे पाली शिकवली होती, त्याच फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले.

चेष्टेतून घराणे कसे उभे राहिले?

वेल फ्रान्सला परतले आणि स्ट्रासबुर्गमध्ये शिकवू लागले. तिथे त्यांचे सहकारी आंरी कार्तां हे कलनशास्त्रातील एक प्रमेय विद्यार्थ्यांना नेमके कसे शिकवावे, यावर त्यांच्याशी वारंवार चर्चा करत. सगळ्या मित्रांनी एकदा एकत्र बसून नवे पाठ्यपुस्तक लिहावे म्हणजे हा घोळ मिटेल, असे वेल यांनी सुचवले. १० डिसेंबर १९३४ रोजी पॅरिसच्या कॅफे कापुलाद या उपाहारगृहात पहिली बैठक झाली. वेल, आंरी कार्तां, क्लोद शेवाले, जाँ देल्सार्त, जाँ द्यूदोने आणि रेने द पोसेल हे सहा जण हजर होते.

पुढच्या वर्षी या मंडळींनी ठरवले की ग्रंथ कोणा एकाच्या नावाने न काढता एका काल्पनिक लेखकाच्या नावाने काढायचा. जुन्या चेष्टेतले ‘बोरबाकी’ आडनाव उचलले गेले आणि त्याला ‘निकोला’ हे नाव जोडले गेले. बोरबाकीचा पहिला शोधनिबंध फ्रेंच विज्ञान अकादमीकडे सादर केला तो आंरी यांचे वडील, थोर गणिती एली कार्तां यांनी.

काम करण्याची पद्धत विलक्षण होती. एकाने मसुदा लिहायचा, तो सर्वांसमोर ओळीओळीने वाचायचा, बाकीच्यांनी तो फाडून काढायचा. मग दुसऱ्याने नव्याने लिहायचा. सर्वांचे एकमत होईपर्यंत हे चालायचे. कोणते वाक्य कोणाचे, हे बाहेर कोणाला कळत नसे. वयाच्या पन्नाशीला सदस्याने बाजूला व्हायचे आणि तरुणांना जागा द्यायची, हा दंडक पुढे रूढ झाला. पाठ्यपुस्तकाची योजना वाढत वाढत गणिताच्या संपूर्ण पायाच्या मांडणीपर्यंत गेली.

टोपॉलॉजीत बोरबाकीने काय बदलले?

बोरबाकीच्या मांडणीत गणित तीन मूळ रचनांवर उभे होते: बेरीज-गुणाकारासारख्या क्रिया, लहान-मोठा असा क्रम आणि ‘जवळ’ असण्याची कल्पना. यातली तिसरी म्हणजे टोपॉलॉजी. त्यामुळे ती गणितातल्या अनेक शाखांपैकी एक न राहता पायातला दगड झाली. ‘सामान्य टोपॉलॉजी’ या ग्रंथाची पहिली प्रकरणे १९४०मध्ये, ऐन महायुद्धात, प्रसिद्ध झाली.

त्याआधीच, १९३७मध्ये, या घराण्यातून दोन महत्त्वाच्या कल्पना पुढे आल्या होत्या. आंरी कार्तां यांनी ‘फिल्टर’ ही कल्पना मांडली. एखाद्या बिंदूकडे जवळ जवळ सरकत जाणे म्हणजे काय, हे अंतराचा आधार न घेता सांगण्याची ती रीत. वेल यांनी ‘एकसमान अवकाश’ मांडले. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या जवळिकीची तुलना, पुन्हा अंतर न मोजता, त्यामुळे करता आली.

या घराण्याचे ठसे शाळेपर्यंत पोहोचले आहेत. महाराष्ट्रात नववीच्या गणिताची सुरुवात ‘संच’ या प्रकरणाने होते. शालेय गणितात संचांना जगभर जे स्थान मिळाले, त्यामागे बोरबाकीच्या विचारांचा मोठा वाटा आहे. वर्तुळावर तिरकी रेघ असलेले रिक्त संचाचे चिन्ह नॉर्वेजियन लिपीतून गणितात आणले ते वेल यांनी.

मग कोसंबी यांचे स्वतःचे गणित कोणते?

बोरबाकीच्या टोपॉलॉजीत कोसंबी यांचा वाटा नावापुरताच. पण अलिगढ आणि पुण्यातल्या त्या वर्षांत ते एका जवळच्या प्रश्नाशी झुंजत होते. नेहमीच्या भूमितीत आधी अंतर मोजण्याचे सूत्र ठरते आणि मग दोन बिंदूंमधला सर्वात जवळचा मार्ग काढतात. कोसंबी यांनी क्रम उलटा केला. अंतराचे सूत्र हाती नाही, फक्त मार्ग माहीत आहेत. वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या वेगांनी फेकलेल्या चेंडूंच्या वाटा जशा. एवढ्यावरून त्या अवकाशाची भूमिती सांगता येईल का? शेजारच्या दोन वाटा एकमेकींपासून दूर जातील की जवळ राहतील, हे ओळखता येईल का?

याचे उत्तर देणारा त्यांचा निबंध १९३३मध्ये जर्मनीतील ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या अव्वल नियतकालिकात आला. त्याला लागूनच त्याच अंकात एली कार्तां यांचे टिपण छापले गेले. कोसंबी यांच्या प्रश्नाला त्यांनी आपल्या पद्धतीने भिडून तो पुढे नेला होता. दोनच वर्षांनी बोरबाकीचा पहिला निबंध अकादमीत नेणारे कार्तां ते हेच. १९३९मध्ये कार्तां यांच्याकडे शिकून गेलेले चिनी गणिती शिंग-शेन चर्न यांनी त्यात भर घातली. आज हा सिद्धांत ‘कोसंबी-कार्तां-चर्न’ या तीन नावांनी ओळखला जातो. एखादी गतिमान व्यवस्था स्थिर राहील की भरकटेल, हे तपासण्यासाठी भौतिकशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंत तो वापरला जातो.

१९३४मध्ये त्यांना मद्रास विद्यापीठाचे रामानुजन पारितोषिक मिळाले. पण पुण्यात या विषयावर रोज बोलायला कोणी नव्हते. फर्ग्युसनमधली १२ वर्षे त्यांनी भरपूर तास शिकवत आणि उरलेल्या वेळात एकट्याने संशोधन करत काढली.

जनुकांच्या नकाशावर कोसंबी यांचे नाव कसे आले?

१९४३मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी संख्याशास्त्रावरील एक निबंध छापला. सतत बदलणाऱ्या, गुंतागुंतीच्या माहितीचे मोजक्या मूळ घटकांत विघटन करण्याची रीत त्यात होती. चित्रे कमी जागेत साठवण्यापासून हवेच्या खळबळाटी प्रवाहांच्या अभ्यासापर्यंत ती आज सर्वत्र वापरतात. मात्र ती ओळखली जाते फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांच्या नावाने. या दोघांनी ती नंतर, स्वतंत्रपणे शोधली. कोसंबी यांचा निबंध युद्धाच्या धामधुमीत भारतीय नियतकालिकात आला होता, आणि त्याचा पाठपुरावा करायला त्यांचे विद्यार्थी नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९४४मध्ये, त्यांनी जनुकशास्त्रातला एक प्रश्न हाती घेतला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे थेट मोजता येत नाही. पुढच्या पिढीत त्यांची जोडी किती वेळा फुटते, त्यावरून अंदाज बांधावा लागतो. अडचण अशी की हे अंदाज साध्या बेरजेने जुळत नाहीत. पहिल्या ते दुसऱ्या आणि दुसऱ्या ते तिसऱ्या जनुकाचे आकडे मिळवले तर पहिल्या ते तिसऱ्याचा आकडा येत नाही. शिवाय एका जागी गुणसूत्रांची अदलाबदल झाली की लगतच्या जागी ती होण्याची शक्यता कमी होते. हॉल्डेन यांच्या १९१९च्या सूत्रात हा परिणाम धरलेला नव्हता. कोसंबी यांनी तो धरून नवे सूत्र दिले.

पिकांच्या जनुकीय नकाशांचे काम करणाऱ्याला आजही संगणकावर हॉल्डेन सूत्र की कोसंबी सूत्र, ही निवड करावी लागते. भातापासून कापसापर्यंतच्या नकाशांवर ‘कोसंबी’ हा शब्द सापडतो. वर्ध्याच्या काळ्या मातीत ज्या पिकावर घरे चालतात, त्याच्या वाणांच्या अभ्यासात हे मराठी नाव रोज घेतले जाते.

वर्धा आणि सेवाग्रामशी नाते काय?

१९४५मध्ये होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू केली आणि कोसंबी यांना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. संस्था तेव्हा मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात होती. कोसंबी यांनी पुण्याचे घर सोडले नाही. ‘डेक्कन क्वीन’ने ते मुंबईला ये-जा करत.

याच सुमारास धर्मानंद यांची प्रकृती ढासळली होती. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला होता, परळमध्ये कष्टकरी वस्तीत ‘बहुजन विहार’ उभारला होता, मराठीत बुद्धचरित्र लिहिले होते. आता शरीर कोणाच्या उपयोगी पडत नाही आणि दुसऱ्यांवर त्याचा भार पडतो, अशी त्यांची धारणा झाली. पार्श्वनाथांच्या परंपरेचा त्यांनी अखेरच्या काळात बारकाईने अभ्यास केला होता. तिच्यातील अन्नत्यागाचा मार्ग त्यांनी निवडला. उत्तर प्रदेशात सुरू केलेला असा पहिला उपवास गांधीजींच्या आग्रहाखातर त्यांनी सोडला. नंतर ते सेवाग्राम आश्रमात येऊन राहिले. तिथे ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. गांधीजी तेव्हा फाळणीच्या वाटाघाटींच्या दिवसांत दिल्लीत होते. तिथल्या प्रार्थनासभेत त्यांनी या अबोल विद्वानाचे स्मरण केले.

पदवी नाही, संस्था नाही, मालमत्ता नाही. ज्ञानाच्या मागे जाताना स्वतःला पटेल तेच करायचे, हा धर्मानंद यांचा स्वभाव मुलात पुरेपूर उतरला होता. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. वडील बुद्ध आणि गांधी यांच्या वाटेने गेले, मुलगा गणित आणि मार्क्स यांच्या. पण तडजोड दोघांनाही जमली नाही.

टीआयएफआरमध्ये काय बिनसले?

१९४८-४९मध्ये कोसंबी युनेस्कोची पाठ्यवृत्ती घेऊन गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेले. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकवली. वेल त्या काळात तिथेच प्राध्यापक होते. प्रिन्स्टनमध्ये त्यांनी आइनस्टाइन यांची भेट घेतली.

परतल्यावर त्यांचे लक्ष अधिकाधिक इतिहासाकडे वळले. त्याची सुरुवातही गणितातूनच झाली होती. चलनात फिरताना नाणे झिजते आणि वजन घटते. म्हणून प्राचीन नाण्यांच्या निधीतील हजारो नाणी तोलून, संख्याशास्त्राने त्यांचा काळ आणि क्रम लावता येतो, हे त्यांनी दाखवले. तिथून ते भर्तृहरीच्या सुभाषितांच्या चिकित्सक आवृत्तीकडे, कार्ल्याच्या लेण्यांकडे आणि पुण्याभोवतीच्या ग्रामदेवतांकडे गेले. १९५६चे त्यांचे भारतीय इतिहासावरचे इंग्रजी पुस्तक आजही वादाचा आणि अभ्यासाचा विषय आहे.

इकडे टीआयएफआरच्या गणित विभागाला १९४९पासून के. चंद्रशेखरन वेगळे वळण देत होते. त्यांनी परदेशी गणितींना व्याख्यानांसाठी बोलावण्याचा सपाटा लावला. लोरां श्वार्त्झ, जाँ-लुई कोझुल, पिएर सॅम्युएल असे बोरबाकी मंडळाचे सदस्य मुंबईत येऊन शिकवून गेले. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री हे तरुण पॅरिसला जाऊन तिथल्या वातावरणात तयार झाले. टोपॉलॉजी आणि भूमिती यांना जोडणारे त्यांचे १९६५चे प्रमेय जगभर गाजले. म्हणजे अलिगढला ज्या घराण्याचे नाव कोसंबी यांनी थट्टेने छापले होते, ते घराणे त्यांच्याच संस्थेत येऊन रुजले. त्यात कोसंबी मात्र नव्हते.

ते तेव्हा रीमान गृहीतकाच्या मागे होते. अविभाज्य संख्यांच्या वाटणीविषयीचा हा गणितातला सर्वात प्रसिद्ध अनुत्तरित प्रश्न. संभाव्यताशास्त्राच्या वाटेने तो सुटतो, असा दावा त्यांनी १९५९च्या सुमारास केला आणि त्यासाठी कृषी संख्याशास्त्राचे भारतीय नियतकालिक निवडले. तज्ज्ञांना ती सिद्धता मान्य झाली नाही. कोसंबी हटले नाहीत. वेल यांनी याच गृहीतकाचे एक वेगळे रूप १९४०मध्ये फ्रान्समधील रुआँच्या तुरुंगात असताना सोडवले होते, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा.

अणुऊर्जेपेक्षा भारताने सौरऊर्जेवर भर द्यावा, हे कोसंबी यांचे मत जगजाहीर होते. भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख असलेले भाभा यांच्याच संस्थेत राहून ते हे बोलत. शांतता चळवळीतला सहभाग, तिखट स्वभाव आणि रीमानचा हट्ट, अशी अनेक कारणे सांगितली जातात. १९६२मध्ये टीआयएफआरने त्यांचा करार वाढवला नाही. याच काळात ‘एस. ड्यूक्रे’ या टोपणनावानेही त्यांनी गणिती निबंध छापले. १९६४पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी मानद शास्त्रज्ञ म्हणून जोडले गेले. २९ जून १९६६च्या पहाटे, वयाच्या ५८व्या वर्षी, पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले.

यातून काय दिसते?

अलिगढच्या त्या विभागात १९३१मध्ये दोन तरुण समोरासमोर बसले होते. बुद्धीने तुल्यबळ म्हणावेत असे. एकाला परत गेल्यावर पाच मित्र मिळाले. रोज भांडणारे, चुका काढणारे, मसुदे फाडणारे. त्यांनी स्वतःची नावे पुसून एक नाव मोठे केले. दुसऱ्याला पुण्यात तसे कोणी मिळाले नाही. त्याचे निबंध वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या विषयांत विखुरले. जे खरे होते त्याचे श्रेय कधी वाटून गेले, कधी पूर्णच गेले. जे चुकले, ते वेळीच थांबवणाराही जवळ नव्हता.

दोष एकट्या परिस्थितीचा नाही. बोरबाकीच्या बैठकीत स्वतःचा मसुदा फाडू देण्याची तयारी लागत असे. कोसंबी यांच्या स्वभावात ती कितपत होती, याविषयी शंकेला जागा आहे. पण प्रतिभावान माणसाला शिकवण्याचे तास मोजून देणाऱ्या आणि संशोधनाची सोबत न देणाऱ्या व्यवस्थेचाही यात वाटा आहे. ही व्यवस्था फक्त १९३३च्या पुण्यात होती असे नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात एकट्याने संशोधन करू पाहणाऱ्या आजच्या प्राध्यापकालाही ती ओळखीची वाटेल.

२००८मध्ये टपाल खात्याने कोसंबी यांचे तिकीट काढले. गोव्यात त्यांच्या नावाने विचार महोत्सव सुरू झाला. त्यांची इतिहासाची पुस्तके महाराष्ट्रात वाचली जातात. गणिती कोसंबी मात्र पाठ्यपुस्तकात भेटत नाहीत. ते भेटतात पिकाच्या जनुकीय नकाशाखालच्या बारीक अक्षरांत, तीन नावांच्या एका भूमितीत आणि बोरबाकी घराण्याच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर.